अंदमानची म्युझियम्स बघताना या चुका टाळा

अंदमानला गेलेला मराठी माणूस सेल्युलर जेल बघणार, सावरकरांच्या कोठडीसमोर हात जोडणार, हे ठरलेलंच. पण पोर्ट ब्लेअरची (२०२४ पासून श्री विजय पुरम, जुनं नाव काही तोंडातून जात नाही) म्युझियम्स शेवटच्या दिवसावर ढकलतात, फ्लाइटच्या आधी दोन तास उरलेत तर उरकून टाकू म्हणून, आणि नेमका सोमवार निघतो. सोमवारी समुद्रिका हे नेव्हीचं म्युझियम बंद असतं, सरकारी सुट्टीचंही आधी विचारून घ्या.

खरं तर हे पहिल्या दिवशीच करा. समुद्रिकात कोरल आणि शंखशिंपले नावानिशी बघून मग हॅवलॉक बेटावर स्नॉर्केलिंग केलंत तर पाण्याखाली काय दिसतंय ते तरी कळतं, नाहीतर सगळंच "वॉव, रंगीत".

ड्रायव्हरला नुसतं "म्युझियम" म्हणू नका, तो समुद्रिकाला सोडेल आणि तुम्हाला वाटेल झालं. आदिवासींचं बघायचं तर अँथ्रोपॉलॉजिकल म्युझियम वेगळं आहे, तसं स्पष्ट सांगा. तिथे आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे लोक पंधरा मिनिटांत बाहेर. अहो, मोबाइल खिशात गेला तरच नीट बघता येतं! जारवा या आदिवासी जमातीचं झाडाच्या सालीचं छातीवरचं चिलखत बघा, बाण बघा. बाणाचं लोखंड कुठून आलं असा प्रश्न पडला तर सेंटिनेली या दुसऱ्या जमातीचं उदाहरण घ्या, १९८१ मध्ये त्यांच्या बेटाजवळ प्रिमरोझ नावाचं जहाज अडकलं आणि पुढे त्याचं लोखंड त्यांनी वापरलं. त्यांना "अश्मयुगातले" म्हणणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

आणि "हे लोक होते" असं मुलांना सांगू नका, ते आहेत. २०११ च्या जनगणनेत ओंगे जमातीचे लोक १०१ होते. बाराटांग बेटाच्या रस्त्यावर जारवांचे फोटो काढणं, बिस्किटं फेकणं हा गुन्हा आहे, १९५६ पासून त्यांच्या संरक्षणाचा कायदा आहे, एजंट काहीही म्हणो.

शेवटचं, समुद्रिकात कोरल बघून बीचवरचा तुकडा बॅगेत टाकायचा मोह होतो. मेलेला असला तरी नको, एअरपोर्टवर काढून घेतात आणि वर चौकशी. शंख हवेच असतील तर सागरिका या सरकारी एम्पोरियममधून घ्या आणि बिल हँडबॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नाही.