थंडीतली कुंडी: पहिला मान मुळ्याचा

हवेत गारवा आला, दुपारचं ऊन सोसवेल इतकं झालं की कुंडीत भाजी लावायला हरकत नाही. सोबत मुलं असतील तर पीक निवडताना चवीआधी दिवस मोजा. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हाती टोमॅटोचं बी दिलंत तर पहिलं फळ यायला तीन महिने तरी जातात, तोवर त्याचं लक्ष कधीच उडालेलं असतं. लहान गोल मुळा मात्र तिसऱ्या ते पाचव्या दिवशी माती फोडून वर येतो आणि 25 ते 30 दिवसांत काढायला होतो. म्हणून पहिली कुंडी मुळ्याची. दुसरी मेथीची, तीही झटपट उगवते. धणे पहिल्या खेपेला नकोत, ते उगवायलाच आठ-पंधरा दिवस घेतात. गाजर हवंच असेल तर आखूड वाण घ्या. टोमॅटोचा हट्ट असेल तर तयार रोप आणून 15 लिटरच्या बादलीत लावा.

मुळ्याला 15 सेंटिमीटर खोल माती पुरते. जुना डबा, क्रेट, तुटक्या कडीची बादली, काहीही चालतं. कीटकनाशकाचा किंवा रंगाचा रिकामा डबा मात्र कितीही घासला तरी नको. तळाला पाच-सहा भोकं पाडा. त्यावर विटांचे तुकडे किंवा खडी भरायची जुनी सवय सोडलेली बरी. बारीक मातीतलं पाणी खडीत सहज उतरत नाही, वरच अडून राहतं आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकांवर जाळीचा तुकडा टाकला की काम झालं. माती, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समप्रमाणात मिसळा. ताजं शेण मुलांच्या हातीही नको आणि मुळांशीही नको. भरण्याआधी जागा ठरवा, कारण पाणी प्यालेली मोठी बादली पंधरा-वीस किलोंची होते. ती कठड्यावर ठेवायची नाही.

बियाण्याचं पाकीट मुलांसमोर उघडण्याआधी एकदा स्वतः पाहा. शेतीसाठीचं बी गुलाबी, हिरवं किंवा निळं दिसत असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते मुलांच्या हाती देऊ नका, प्रक्रिया न केलेलं बी मागून घ्या. घेवड्याचं बी टपोरं, धरायला सोपं म्हणून मुलांना आवडतं, पण ते कच्चं खाल्लं तर पोट बिघडतं. अगदी लहान मूल बी तोंडात किंवा नाकातही घालतं, तेव्हा तिथे बसूनच राहा.

मुळ्याचं बी एक सेंटिमीटर खोल, दोन बियांत चार-पाच सेंटिमीटर अंतर. मुलं हे अंतर पाळत नाहीत, चिमूट एकाच जागी रिकामी करतात. ओतू द्या. खरी पंचाईत पुढे, विरळणीच्या, म्हणजे दाटीतली जादा रोपं काढण्याच्या वेळी होते. आपण उगवलेलं रोप मूल काढू देत नाही. समजावत बसण्यापेक्षा दोन डबे करा: एकात विरळणी करायची, दुसरा मुलाच्या मनासारखा दाट राहू द्यायचा. महिन्याभराने दोन्ही उपटून शेजारी ठेवले की एकात गोल मुळे आणि दुसऱ्यात नुसता पाला, खाली दोऱ्यासारखी मुळं. विरळणी रोपं उपटून करू नका, बोथट टोकाच्या कात्रीने मातीलगत कापा, म्हणजे शेजारच्या रोपाचं मूळ हलत नाही. कापलेले कोंब धुऊन खाता येतात, जरा झणझणीत लागतात.

पाणी हा मुलांचा आवडता खेळ, आणि कुंडीतली रोपं बहुतेक त्यानेच मरतात. झारी देऊ नका. बाटलीच्या झाकणाला बारीक भोकं पाडून ती द्या. नियम एकच: बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालायचं, ओल लागली तर आज सुट्टी. वाफसा, म्हणजे ना चिखल ना कोरडी अशी मातीतली बेताची ओल, काय असतो हे मुलांना असंच कळतं. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं तर दोन-तीन दिवसांत ओतून टाका, नाहीतर डासांची पैदास होते.

पानांच्या मागे मावा (रस शोषणारे बारीक किडे) दिसला तर ओल्या कापडाने पुसा किंवा पाण्याच्या फवाऱ्याने झाडा. भिंगातून मावा पाहायला मुलं तासभर बसतील. फवारणी करावीच लागली तर ती मोठ्यांनी, मुलं दूर असताना. मातीत हात घातल्यावर साबणाने धुवायचे, यात सूट नाही.

मुळ्याचा खांदा मातीबाहेर दिसला, दोन-अडीच सेंटिमीटर जाड वाटला की काढा. आणखी मोठा होईल म्हणून थांबलात तर तो आतून पोकळ आणि निबर होतो. दर आठ-दहा दिवसांनी थोडं-थोडं बी टाकत राहिलात तर थंडीभर काढणी चालू राहते. एक-दोन मुळे मुद्दाम ठेवा. ऊन वाढलं की त्यांना तुरा येतो, पांढरी-जांभळट फुलं येतात आणि मग शेंगा. या डिंगऱ्या कोवळ्या असतानाच तोडा, एकदा दोर धरला की चाववत नाहीत.