गायरानाची माती जड धातूंसाठी कशी तपासावी

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक पट्ट्याच्या उताराला किंवा नासर्डीच्या काठाला ज्यांची गुरे चरतात, त्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. जमीन आरोग्य पत्रिकेतील 12 घटकांमध्ये जस्त आणि तांबे असले, तरी शिसे, कॅडमियम आणि क्रोमियम नसतात. त्यामुळे नमुना देतानाच या धातूंची मागणी लेखी करावी.

प्रथम कुरण पायी फिरावे. नाल्याचे पाणी पावसाळ्यात कुठवर चढते, गाळ कुठे बसतो, राख किंवा भंगार कुठे टाकले जाते, हे गुराख्यांना विचारून कच्च्या नकाशावर मांडावे आणि त्यानुसार भाग पाडावेत. गाळाची जागा आणि मुरमाड माळ यांची माती एकत्र केली, तर दोष सरासरीत लपतो.

प्रत्येक भागात नागमोडी चालत 15 ते 20 ठिकाणची माती घ्यावी. पिकासाठी 15 सेंटिमीटर खोलीचा नमुना पुरतो, परंतु कुरणात वरच्या 5 सेंटिमीटरचा नमुना वेगळा घ्यायलाच हवा, कारण धुळीतून आणि पुरातून आलेले धातू याच थरात साचतात आणि उन्हाळ्यात आखूड गवत ओरबाडताना जनावर हीच माती गिळते. लोखंडी अवजाराला टेकलेला भाग लाकडी पट्टीने खरवडून टाकावा. जस्ताचा मुलामा असलेले घमेले टाळून प्लॅस्टिकची बादली वापरावी. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो माती उरवावी आणि सावलीत वाळवावी.

सर्वाधिक चूक होते ती तुलनेत. आपली काळी माती बेसाल्ट खडकाची असल्याने तिच्यात क्रोमियम, निकेल आणि तांबे मुळातच बरेच असते. म्हणून प्रदूषणाच्या स्रोतापासून दूर, चढावरच्या तशाच मातीचा एक नमुना सोबत द्यावा. त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय अहवालातील आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

धातूंचे एकूण आणि उपलब्ध (म्हणजे मुळांना शोषता येणारे), अशी दोन्ही प्रमाणे मागावीत, शिवाय सामूही (pH, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा). सामू 7.5 च्या वर असताना शिसे आणि कॅडमियम मातीला घट्ट धरून राहतात व गवतात कमी उतरतात; पण गिळलेल्या मातीतून जनावराच्या पोटातील आम्लात ते सुटू शकतात, त्यामुळे चराऊ जमिनीसाठी एकूण प्रमाणही तितकेच महत्त्वाचे असते.

त्याच जागांवरचे गवतही तपासावे, अर्धे धुऊन आणि अर्धे न धुता. दोन्हींत मोठा फरक आला, तर धातू मुळांतून नव्हे, धुळीतून येत आहेत.