दिवाळीनंतर प्रेस शॉप सुरू करण्याआधी

दिवाळीची सुट्टी संपत आली की भोसरी असो, चाकण असो, वाळूज असो, सगळ्या छोट्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून-कापून भाग बनवणाऱ्या कारखान्यांत, एकच धांदल असते. ग्राहक कंपनीचे फोन सुट्टीतच सुरू झालेले असतात, माल तुंबलेला असतो आणि निम्मी पोरं अजून गावाहून परतलेली नसतात. मग हजर असेल त्याला प्रेसवर बसवलं जातं. मी बावीस वर्षं डाय सेटरचं, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा (डाय) प्रेसमध्ये बसवायचं, काम केलं. माझ्यासमोर पहिल्यांदा बोटं तुटली ती अशाच एका सोमवारी. मुलगा मुळात पॅकिंगचा, प्रेसवर त्याचा तो पहिलाच दिवस. डाय मी लावली होती आणि नीट लावली होती. गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारं कवच, मात्र 'जेवणानंतर बसवू' म्हणून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. जेवणाची सुट्टी व्हायला वीस मिनिटं बाकी होती. तेव्हापासून मी ही तयारी सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी करतो, आणि मालकाला सोबत घेऊनच करतो.

आदल्या दिवशी शॉपमध्ये तिघं तरी हवेत: मालक किंवा त्याच्या वतीने निर्णय घेऊ शकणारा माणूस, सेटर आणि इलेक्ट्रिशियन. एकट्या सेटरवर सोडलं तर त्याला दोष दिसतो, पण मशीन बंद ठेवण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. तिघांनी आधी एकेका प्रेससमोर उभं राहून हिचा क्लच (फिरतं चाक प्रेसला जोडणारा भाग) कुठला, एवढं बघायचं. जुन्या पिन क्लचच्या किंवा रोलिंग कीच्या प्रेसमध्ये एकदा पेडल दाबून जोडणारी खिळी (की) अडकली की फ्लायव्हील, म्हणजे फिरतं जड चाक, क्रँकला पुरी फेरी फिरवूनच सोडतं. रॅम, म्हणजे डायवर खाली येणारा भाग, मध्येच थांबवायची सोय त्या यंत्रात नसतेच. म्हणून अशा प्रेसवर लाइट कर्टन (हात आडवा आला की ओळखणारा प्रकाशकिरणांचा पडदा) लावून उपयोग नाही. हात आत गेल्याचं त्याला कळेल, पण रॅम थांबणार नाही. ऑडिटच्या आधी घाईने बसवलेले असे लाइट कर्टन मी पाहिलेत, आणि त्यांच्या भरवशावर निर्धास्त हात घालणारे ऑपरेटरही पाहिलेत. पिन क्लचच्या प्रेसला डायभोवती पक्कं गार्ड हवं: पट्टी आत सरकेल पण बोट सरकणार नाही एवढीच फट. ती फट बोट घालून तपासू नका, बोटाएवढ्या जाडीची काठी घालून बघा.

एअर क्लच आणि ब्रेकची प्रेस असेल तर रॅम मध्येच थांबवता येतो, म्हणून तिथे लाइट कर्टन चालतो, पण तो डायपासून किती लांब बसवलाय ते टेपने मोजा. हात सेकंदाला १.६ मीटर वेगाने पुढे जातो असं धरून हिशेब करतात. कर्टनचा किरण अडल्यापासून रॅम पूर्ण थांबायला ०.२ सेकंद लागत असतील, तर निदान ३२० मिलिमीटर अंतर हवंच, आणि वर थोडं राखून ठेवायचं. ब्रेकचं लायनिंग झिजलं की थांबायचा वेळ वाढतो. गेल्या वर्षी पुरेसं असलेलं अंतर मग यंदा कमी पडतं. कर्टनचा हिरवा दिवा लागतो, म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका.

आता डबल स्ट्रोक. आमच्या धंद्यात सगळ्यात भीती त्याचीच. एकदा पेडल मारलं आणि रॅम वर जाऊन थांबायच्या ऐवजी आपणहून पुन्हा खाली आला, तर ऑपरेटरचा हात नेमका तयार जॉब काढायला आत गेलेला असतो. कारणं ठरलेली असतात: कीची कड घासलेली, लॅचची स्प्रिंग ढिली किंवा तुटलेली, ब्रेकच्या पट्ट्यावर तेल. सुट्टीत मशीन थंड पडलेलं असतं, आणि निघताना कुणीतरी चांगल्या मनाने भरपूर ऑइल मारून ठेवलेलं असतं. तपासायची पद्धत सोपी आहे. डाय न लावता, हात लांब ठेवून, पेडल दाबून धरायचं. पेडल दाबलेलंच असलं तरी रॅमने एकच फेरी घेऊन वर थांबलं पाहिजे. असं तीस वेळा करा. तीसपैकी एकदा जरी तो पुन्हा खाली आला, किंवा दर वेळी वरच्या टोकाच्या थोडा पुढे घसरून थांबू लागला, तर त्या प्रेसचा मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घाला आणि किल्ली मालकाच्या खिशात द्या. दुरुस्ती होईपर्यंत तिचा माल दुसऱ्या प्रेसवर काढा, नाहीतर ग्राहकाला उशीर होईल असं सांगा. हा फोन मालकानेच करायचा. सुपरवायझरला करायला लावू नये.

दोन हातांची बटणं असतील तर आधी एकेक बटण वेगळं दाबून बघा, प्रेस चालता कामा नये. मग एक दाबून धरा, मनात तीन आकडे मोजा आणि दुसरं दाबा. तरीही चालता कामा नये. चालली, तर एखाद्या बटणावर चिकटपट्टी लावून किंवा फटीत पत्र्याचा तुकडा खुपसून काम चालू आहे, किंवा आत वायरिंगमध्ये कुणीतरी हात घातलाय. चिकटपट्टी सापडली की ऑपरेटरवर ओरडण्याआधी त्याला तासाला किती नग काढायचे होते ते विचारा. गार्ड लावून, चिमट्याने जॉब ठेवत, रोजच्या माणसाने सहज निघेल असा जो आकडा येईल, तेच टार्गेट. ९०० चं टार्गेट देऊन गार्ड लावल्यावर ६०० च निघत असतील, तर मालकाने कागदावर काहीही लिहून ठेवलं तरी बटणाला चिकटपट्टी लावायचा हुकूम त्यानेच दिलाय, असं मी मानतो.

माझं ठाम मत आहे की हात डायमध्ये जायलाच नको. बाकी सगळं त्यानंतरचं. ब्लँक (कापलेला पत्रा) ठेवायला ॲल्युमिनियमचा चिमटा ठेवा. चुकून पंचखाली आला तर तो चेपतो, डाय वाचते. पातळ पत्र्याला सक्शन कप, लोखंडी जॉबला मॅग्नेटची काठी, तयार माल घसरून पडायला उतरती पट्टी. बऱ्याचशा जॉबना हे आपल्याच शॉपमध्ये एका दुपारी बनवता येतं. पाय-पेडलवर वरून लोखंडी झाकण हवं, म्हणजे निसटलेला जॉब त्यावर पडून स्ट्रोक बसणार नाही.

सेटरसाठी पिवळा रंग दिलेला ठोकळा प्रत्येक प्रेसजवळ साखळीने बांधलेला असावा. डायच्या आत वाकायच्या आधी मोटर बंद, स्विचला कुलूप, किल्ली सेटरच्या खिशात, आणि मग फ्लायव्हील थांबायची वाट. मोटर बंद झाल्यावरही ते बराच वेळ फिरत राहतं आणि त्या फिरण्यात एका स्ट्रोकपुरती ताकद असते. ते थांबलं की रॅम आणि बोल्स्टरच्या (खालच्या टेबलाच्या) मध्ये ठोकळा. ठोकळा रॅमचं वजन पेलतो, चालू प्रेसचा दाब पेलत नाही. म्हणून आधी कुलूप, मग ठोकळा. हा क्रम घाईत उलटतो, मीही उलटवला आहे.

आग विझवायच्या नळकांड्यांची तारीख, प्यायचं पाणी, ग्रीसने माखलेल्या फरशीवर भुसा, मेन पॅनेलसमोरची अडगळ, एवढं तासाभरात उरकतं. आवाजाकडे मात्र नीट लक्ष द्या. आपल्याकडे आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा धरतात, आणि ओळीने चार प्रेस चालू असल्या की ती सहज ओलांडली जाते. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर इअर प्लग द्या आणि ते कानात आहेत का तेही बघा. पत्रा हाताळताना हातमोजे हवेत. शेजारच्या ड्रिल मशीनवर मात्र ते काढून ठेवायचे, तिथे हातमोजा बिटाला गुंडाळून हात ओढून नेतो.

कागदपत्रं आदल्या दिवशीच उघडून बसा. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात मालकाची जबाबदारी स्पष्ट आहे: धोका नसलेली कामाची जागा, नेमणूक पत्र, आणि सुरक्षेसाठी दिलेल्या कुठल्याही गोष्टीचा पैसा कामगाराकडून घ्यायचा नाही. म्हणजे सेफ्टी शूजचे पैसे पगारातून कापता येत नाहीत. कामगाराचीही जबाबदारी तिथेच लिहिली आहे: स्वतःची आणि शेजाऱ्याची काळजी घ्यायची, धोका दिसला की कळवायचा, आणि सुरक्षेसाठी बसवलेल्या साधनाशी मुद्दाम छेडछाड करायची नाही. जीवावरचा धोका दिसत असेल तर मालकाला सांगताना सोबतच निरीक्षकालाही कळवायचा हक्क त्याला आहे. हे मराठीत आणि हिंदीत लिहून टाइम ऑफिसच्या भिंतीवर लावा. दादा, हे तुमच्यासाठी आहे, असं वाचूनही दाखवा.

ईएसआयची (राज्य कामगार विम्याची) नोंदणी नव्या माणसाच्या नेमणुकीपासून दहा दिवसांत व्हायला हवी. ठेकेदाराची मुलं असली तरी त्यांचे नंबर बघितल्याशिवाय गेटवरून आत घेऊ नका. अपघात झाल्यावर रात्री बसून नोंदणी करणारे लोक मला माहीत आहेत. नुकसानभरपाईच्या जुन्या कायद्याची जागाही आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे; तिच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमावण्याची क्षमता ३० टक्के कमी झाली असं धरतात, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. ज्याने एकदा असा कागद भरलाय, तो तर्जनीचे १४ टक्के विसरत नाही. वीस वर्षांच्या पोराने शर्टाचं बटण कसं लावायचं, हे त्या आकड्यात कुठेच नसतं.

दवाखान्याची चौकशीही आधीच. हाताची सर्जरी करणारा डॉक्टर कुठे असतो, रात्री असतो का, शॉपपासून किती वेळ लागतो, हे फोन करून विचारा आणि नंबर १०८ च्या शेजारी लिहून ठेवा. बोट तुटलं तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरायचा. तुटलेलं बोट स्वच्छ ओलसर गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, पिशवीचं तोंड बंद करायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फावर ठेवू नका, पेशी गोठतात आणि मग जोडता येत नाही. आमच्या वेळी आम्ही ते थेट बर्फावर ठेवून नेलं होतं. कुणालाच माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी येणाऱ्या माणसाचीही तयारी असते. रात्रभर एसटीत बसून थेट शिफ्टला आला असाल तर तसं सांगा, आणि त्या दिवशी पॅकिंग मागून घ्या. सुपरवायझरने त्यावर तोंड वाकडं करू नये. दिवाळीत घेतलेली अंगठी, कडं, मनगटावरचा दोरा, लोंबणाऱ्या बाह्या आणि इअरफोन लॉकरमध्ये. प्रेसला हात लावायच्या आधी लाल बटण कुठे आहे ते बघा आणि एकदा दाबून बघा. नवा माणूस बिहारचा किंवा ओडिशाचा असेल तर त्याची सही घेऊन ट्रेनिंग झालं असं समजू नका. चिमटा त्याच्या हातात द्या आणि दहा जॉब ठेवून दाखवायला सांगा. डावा हात कुठे जातो, तेच बघायचं.

पहिला तास नग मोजू नका. सेटरने शेजारी उभं राहायचं, दर दहा मिनिटांनी डायचे बोल्ट बघायचे, गार्ड हलतंय का ते बघायचं. चहाला माणसं बाहेर आली की प्रत्येक ऑपरेटरला एकच विचारायचं, 'मशीनचा आवाज सुट्टीआधी होता तसाच आहे का?' कुणी जरा थांबून 'थोडा वेगळा वाटतोय' म्हणाला, तर चहा संपवून त्याच्याबरोबर आत जायचं आणि ती प्रेस आधी बंद करायची.