सुपरवायझर झालाय? मग आधी 'काय अडलं' ते विचारा

परवा एका पोराचा फोन आला, गोकुळ शिरगावात नवीनच सुपरवायझर झालाय, म्हणाला दादा माणसं ऐकतच नाहीत काय करू. मी म्हटलं तू त्यांचं काय ऐकलंस ते सांग आधी, तर गप्प. त्याला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितोय. मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायच्या कारखान्यात, मोल्डिंग म्हणजे वाळूचे साचे करायचं काम बघतो त्यामुळं उदाहरणं तिथलीच येणार, पण दुकान असो, हॉस्पिटल असो नायतर गल्लीतल्या मंडळाचा गणपती, रीत हीच.

ट्रेनिंगवाले ह्याला सर्व्हंट लीडरशिप म्हणतात. रॉबर्ट ग्रीनलीफ म्हणून एक अमेरिकन, अख्खी नोकरी एटी अँड टी ह्या टेलिफोन कंपनीत काढली आणि रिटायर झाल्यावर १९७० मध्ये त्यानं हे मांडलं की आधी माणसांच्या उपयोगी पडायची इच्छा पाहिजे, पुढारीपण मागनं येतंय. आपल्याकडं सेवा म्हटलं की हार आणि फोटो आठवतात म्हणून मी तो शब्दच वापरत नाही. मी म्हणतो, माणसाचं अडलेलं मोकळं करायचं, बास.

मला हे अक्कल गहाण टाकून कळलं. एकदा कास्टिंगला, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या मालाला, ब्लो होल म्हणजे भोकं यायला लागली, रिजेक्शनचा ढीग लागला आणि मी सकाळी सकाळी सगळ्यांवर तोंड सोडलं. आमच्यात एक वयस्कर मोल्डर काका आहेत, ते काही बोलले नाहीत, मुठीत वाळू घेतली, दाबली आणि तो मुटका माझ्या हातावर ठेवला. "मोडा सायेब." मोडला तर कडा सरळ तुटायच्या सोडून वाळू बोटालाच चिकटली. म्हणजे पाणी जास्त, आणि पाणी जास्त की गरम लोखंड पडल्यावर वाफ होणार आणि कास्टिंगला भोकं पडणार. म्हटलं मग मीटरवर मॉइश्चर, म्हणजे वाळूतला ओलावा, बघत का नाही, तर म्हणाले, "मीटर बंद पडून तीन आठवडं झालं की. सांगितलंवतं." सांगितलं होतं, खरंच, आणि मी हो बघतो म्हणून विसरलो होतो. शिव्या खाल्ल्या त्यांनी, काम राहिलं होतं माझं.

तर करायचं काय. पहिली गोष्ट, 'काय प्रॉब्लेम आहे का' असं विचारूच नका, उत्तर ठरलेलं असतंय, काय न्हाई सायेब सगळं बरं हाय. त्यापेक्षा 'काल तुमचं काम कशानं थांबलं' असं विचारा, एकेकट्याला, त्याच्या जागेवर जाऊन, केबिनमध्ये बोलावून नाही. पहिले चार दिवस कोण बोलणार नाही. पाचव्या दिवशी कोणतरी हातमोजे फाटलेत म्हणून सांगेल, तो मोजा त्याच दिवशी आणून द्या. मोजा किरकोळ आहे हो, पण बाकीचे बघत असतात सांगून उपयोग होतोय का ते.

मग जे जे कळेल ते सगळ्यांना दिसेल अशा बोर्डवर लिहायचं, काय अडलंय, कोण करणार आणि कधीपर्यंत. 'कोण करणार' मध्ये बहुतेक ठिकाणी तुमचंच नाव येणार. तारीख चुकली तर पुसायची नाही, वर काट मारून शेजारी नवीन लिहायची. लाज वाटते, वाटू दे. हातानं होण्यासारखं नसेल तर त्याच दिवशी स्पष्ट सांगा की हे होणार नाही आणि ह्या कारणानं नाही, माणसं 'नाही' पचवतात, 'बघतो' पचवत नाहीत.

आता इथं एक गफलत होते आणि ती माझ्याकडनंही झाली. मीटरच्या प्रकरणानंतर मी एवढा चांगला झालो की माणूस कमी पडला की मीच बाह्या सारून साचा भरायला उभा. दोन महिन्यांत पोरं वाट बघायला लागली, सायेब येतील की. तालमीत बघा वस्ताद काय करतो. लाल मातीत ताक, हळद, लिंबू, तेल पडलंय का बघतो, आखाडा खणायला स्वतः फावडं घेतो, पोरांच्या खुराकाची काळजी करतो, आणि कुस्तीच्या दिवशी खासबागेत मैदानाच्या कडेला उभा राहतो. पैलवानाच्या जागी वस्ताद उतरत नाही. तुम्हीही उतरू नका. महापुरात वगैरे गोष्ट वेगळी, २०१९ च्या ऑगस्टात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेलेला तेव्हा कोण साहेब आणि कोण हेल्पर, सगळ्यांनी सगळं केलं.

आणि चहाचं. बरेच जण टीमला वडापाव-चहा दिला की झालं समजतात. शाहू महाराजांचं उदाहरण कोल्हापुरात सगळ्यांना पाठ आहे, गंगाराम कांबळेंना त्यांनी चहाचं हॉटेल काढून दिलं, पण अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण, म्हणून महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा घ्यायचे आणि बरोबरच्यांनाही पाजायचे. म्हणजे महाराजांनी चहा दिला नाही, चहा घेतला. आपलं जे वजन आहे ते दुसऱ्याचा रस्ता मोकळा करायला वापरलं. तुमचं वजन एवढुसंच असेल, पण परचेसवाल्याला चारदा फोन करण्याइतकं तरी असतंयच की. मालकासमोर काम ज्यानं केलं त्याचं नाव घेण्याइतकंही असतंय, आणि चुकलं तर माझ्या लाइनवर चुकलं म्हणण्याइतकं.

ह्याचा अर्थ गोड बोलत बसायचं असा नाही. आमच्यात एक जण भट्टीजवळ चष्मा घालत नव्हता, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा घरी पाठवला. चौदाशे डिग्रीच्या आसपासचं लोखंड ओततोय आपण, तिथं भिडस्तपणा चालत नाही. त्याला राग आला, पण चष्म्यावर वाफ धरते म्हणून घालत नव्हता हे त्यातनंच कळलं. दुसरा चष्मा आणला, आता घालतो.

जमतंय का नाही हे तपासायचं असेल तर आठ दिवस रजा टाका आणि फोन किती येतात मोजा. मी मागच्या वेळी गावाकडं गेलो तर दोनच आले, त्यातला एक काकांचा, मीटर परत बंद पडलावता म्हणून त्यांनीच परस्पर दुरुस्तीला धाडलेला, बिलावर सही कुणाची घ्यायची एवढंच विचारत होते.

बोर्डवर सध्या शेकआउटजवळचा, म्हणजे साचा फोडून कास्टिंग बाहेर काढतात तिथला, एक्झॉस्ट फॅन आहे. माझ्या नावापुढं, तीन तारखा काट मारलेल्या, चौथी येत्या शुक्रवारची.