फ्लेक्सी बेनिफिट प्लॅन निवडताय? या चुका टाळा

मार्चची पगाराची स्लिप गेली की आमच्या पेरोल विभागाचा फोन थांबत नाही. "या महिन्यात टीडीएस एवढा कसा कापला?" स्लिपमध्ये एक ओळ असते, 'अनक्लेम्ड फ्लेक्सी'. फ्लेक्सी म्हणजे पगाराचा तो भाग, जो जेवण, प्रवास, पेट्रोल अशा खर्चांची बिलं देऊन करमुक्त घेता येतो. वर्षभरात ज्याची बिलं आलीच नाहीत, ती सगळी रक्कम मार्चमध्ये करपात्र पगार म्हणून एकदम जमा होते आणि तिच्यावरचा करही त्याच महिन्यात कापला जातो. फोन करणाऱ्याचं मला वाईट वाटतं, कारण चूक मार्चमधली नसते. ती एप्रिलमध्ये, पोर्टलवर फ्लेक्सीचे रकाने भरताना झालेली असते. (खालचे आकडे आणि नियम 2025-26 या आर्थिक वर्षाचे आहेत. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यामुळे त्यानंतरच्या वर्षांसाठी मर्यादा आणि नियम नव्याने तपासा.)

सगळ्यात महागात पडते ती करप्रणाली (नवी की जुनी) न ठरवता केलेली निवड. तुम्ही काहीच कळवलं नाही तर नवी प्रणाली धरली जाते, आणि नव्या प्रणालीत मील कार्ड (जेवणासाठीचं प्रीपेड कार्ड) किंवा एलटीएवर (रजेतल्या प्रवासाचा भत्ता) सूट नाही. मील कार्डाचं गणित बघा: एका जेवणाला 50 रुपये, दिवसाला दोन, महिन्याचे 22 दिवस, म्हणजे वर्षाला 26,400 रुपये. जुन्या प्रणालीत 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेस (करावरचा उपकर) धरून साधारण 8,200 रुपये वाचतात. नव्या प्रणालीत एक रुपयाही नाही, वर पैसे कार्डात अडकतात ते वेगळेच.

"रिटर्न भरताना जुनी प्रणाली घेईन की!" हेही नेहमी ऐकतो. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला मुदतीत रिटर्न भरताना तसा बदल करता येतो, हे खरं. पण जे मील कार्ड एप्रिलमध्ये घेतलंच नाही, ते जुलैच्या रिटर्नमध्ये कुठून येणार?

ज्यांचा पगार 12.75 लाखांपर्यंत आहे, त्यांना नव्या प्रणालीत तसाही कर लागत नाही. त्यांनी केवळ कर वाचवण्यासाठी फ्लेक्सीत पैसे अडकवू नयेत.

उलट, नव्या प्रणालीतही मिळणारा मोठा फायदा लोक सोडून देतात: एनपीएसमधलं (राष्ट्रीय पेन्शन योजना) कंपनीचं योगदान. मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या 14 टक्क्यांपर्यंत वजावट मिळते, जुन्या प्रणालीत खासगी नोकरदारांना 10 टक्के. मूळ वेतन 80,000 असेल तर महिन्याला 11,200, वर्षाला 1,34,400 रुपये. ही सगळी रक्कम 20 टक्क्यांच्या टप्प्यातली असेल तर सेससकट जवळपास 28,000 रुपये कर वाचतो. मात्र हे योगदान कंपनीमार्फतच जायला हवं; स्वतः खात्यात भरलेल्या पैशाला ही वजावट लागू नाही. आणि हे पैसे बहुतांशी निवृत्तीपर्यंत हाती येत नाहीत, तेव्हा घरखर्चाचा विचार करूनच टक्केवारी ठरवा.

एलटीएमध्ये गोंधळ होतो तो टूर पॅकेजमुळे. बिलावर एकच आकडा, त्यात हॉटेल, जेवण, गाडी सगळं आलेलं. सूट फक्त प्रवासभाड्यावर मिळते, तीही देशांतर्गत प्रवासाच्या आणि तुम्ही त्या काळात रजेवर असाल तरच. भाडं वेगळं दाखवलेलं नसेल तर दावा नाकारावा लागतो, म्हणून बुकिंग करतानाच तिकिटांचं वेगळं बिल मागून घ्या. चार कॅलेंडर वर्षांच्या ब्लॉकमध्ये दोनच प्रवास बसतात. 2022 ते 2025 हा ब्लॉक संपलाय. त्यातला न वापरलेला एक प्रवास 2026 मध्ये करता येतो.

बिलं जपण्याचंही तसंच. पेट्रोल पंपाची पावती थर्मल कागदावरची. एप्रिलमधली पावती जानेवारीत काढाल तर कोरी पट्टी हातात येते. त्याच दिवशी फोटो काढून पोर्टलवर टाका. आणि दुसऱ्याची किंवा बनवलेली बिलं जोडू नका. कंपनीने मंजूर केली तरी आयकर खात्याच्या तपासणीत सापडल्यास चुकवलेल्या कराच्या 200 टक्के दंड होऊ शकतो.

नोकरी बदलताना आधीच्या कंपनीचा पगार आणि घेतलेल्या सवलती नव्या कंपनीला कळवा, नाहीतर स्टँडर्ड डिडक्शन (पगारावरची ठरावीक वजावट) दोनदा धरलं जातं आणि रिटर्न भरताना फरक खिशातून भरावा लागतो. जुन्या कंपनीकडची बिलं नोटीस काळातच द्या. शेवटच्या दिवशी पोर्टलचं लॉगिन बंद होतं आणि उरलेली सगळी फ्लेक्सी करपात्र होऊन फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे नोकरी सोडतानाच्या शेवटच्या हिशोबात येते.