उताराच्या वाटेवर फरशी घालताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

आमचं घर दापोलीकडे, रस्त्यापासून जरा वर. गेटपासून पडवीपर्यंत 40 फूट वाट आणि तेवढ्यात चढ 4 फुटांचा. आधी तिथे आजोबांच्या वेळची पाखाडी, म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट होती, पण आईला गुडघ्यांमुळे त्या उंच पायऱ्या झेपेनात म्हणून मी मोठ्या हौसेने ती उखडली आणि सरळ उतारावर शहाबादी फरशी घालून घेतली. पहिला पावसाळा छान गेला. दुसऱ्या वर्षी श्रावणात एका फरशीवर पाय ठेवला तर सांध्यातून गढूळ पाण्याची पिचकारी थेट पँटवर, आणि दिवाळीत बघतो तर पडवीची कड आणि पहिली फरशी यांच्यात दोन बोटं जातील एवढी फट. म्हणजे अख्खी रांगच खाली सरकली होती!

पहिली चूक उतार न मोजण्याची. गवंडी म्हणाला "एवढा काय ढाळ नाय", मी पण मान डोलावली. लेव्हलची पाण्याची नळी लावून बघायला दहा मिनिटं लागली असती. आमचा उतार निघाला 10 फुटांना 1 फूट, आणि व्हीलचेअरच्या रँपलासुद्धा साधारण 12 ला 1 याच्यापेक्षा जास्त चढ देत नाहीत, तोही कोरड्यात धड वाटतो, कोकणातल्या जुलैत शेवाळ धरलेल्या दगडावर नाही. यापेक्षा तीव्र असेल तर लांब लांब पायऱ्याच करा. आम्ही शेवटी तेच केलं, हिशोब सांगतो: पायरीला फुटाला पाव इंच ढाळ ठेवला, म्हणजे 40 फुटांत 10 इंच त्यातच गेले, उरले 38 इंच, ते 8 पायऱ्यांत वाटले, प्रत्येकी पावणेपाच इंच. आई आरामात चढते. सगळ्या पायऱ्यांची उंची मात्र सारखीच हवी, एखादी जरी इंचभर वेगळी झाली तर अंधारात पाय तिथेच अडखळतो.

दुसरी चूक म्हणजे फरशी वरून खाली घालत येणे. पडवीपासून सुरू केलं की दिसायला सोयीचं वाटतं पण त्या फरश्यांना खालून टेकू कुणाचा? काम खालच्या टोकापासून सुरू करायचं, आणि तिथे आधी एक दांडगा चिरा जमिनीत नीट गाडून काँक्रीटने पक्का करायचा, मग वरची प्रत्येक फरशी खालचीला टेकते. पाखाडी इतकी वर्षं का टिकली होती ते ती उखडताना कळलं, प्रत्येक वरचा चिरा खालच्याच्या पाठीवर दोन-तीन इंच चढवलेला होता. तेव्हा मात्र मी ते कौतुकाने बघून पुढे गेलो, काय बोलणार.

आता सगळ्यात महाग पडलेली चूक, खालचा बेड. आमच्याकडे नुसती वाळू पसरून वर फरशी ठोकली होती. सपाट अंगणात ते चालून जातं, उतारावर पाणी सांध्यातून आत शिरतं आणि फरशीखालून वाळू घेऊन खाली पळतं, ती पिचकारी त्याचीच. मुरूम 4 इंच टाकून, पाणी मारून धुम्मसाने (जमीन ठोकायच्या जड ठोकळ्याने) नीट बसवा, त्यावर एक वाटा सिमेंट आणि सहा वाटे क्रश सँड असा कोरडसर माल. मुठीत दाबला की लाडू वळला पाहिजे पण हाताला पाणी सुटता कामा नये. फरशीच्या पाठीला सिमेंटचा पातळ घोळ फासून मग रबरी हातोड्याने बसवायची. काही जण चार कोपऱ्यांना चार गोळे आणि मधे एक ठेवून फरशी टेकवतात, माल वाचतो, पण मधली पोकळी राहते आणि गॅस सिलिंडर घेऊन माणूस वर चढला की तिथेच तडकते. बसवल्यावर हातोड्याच्या दांड्याने वाजवून बघा, डबडब आवाज आला तर माल ओला आहे तोवरच उचला.

पाणी अडवायचं ते वाटेच्या वर. आमच्या पागोळ्या नेमक्या वाटेच्या तोंडावर पडायच्या, तिथे आडवा चर काढून पाणी बाजूला माडांकडे वळवलं तेव्हा अर्धा त्रास गेला. वाटेलाही एका बाजूला कल हवा, 3 फूट रुंदीला पाऊण इंच पुरे. आणि खालच्या त्या गाडलेल्या चिऱ्याच्या शेजारून दोन इंची पाइपाचे तुकडे ठेवा, नाहीतर आत मुरलेलं पाणी तिथे तुंबून फरश्या उचलतं.

पॉलिश शहाबादी बाहेर अजिबात नको, रफच घ्या, आणि जाडी दीड इंचाच्या खाली नको.

आत्ताच एखादी फरशी हलत असेल तर सांध्यात वरून सिमेंट कोंबू नका, आम्ही ते दोनदा केलं आणि दोन्ही वेळा पुढच्या पावसात ते पापुद्र्यासारखं निघालं. पहारीने फरशी उचला, खाली कुठे खड्डा पडलाय आणि पाणी कुठून आलंय ते बघा, पाण्याची वाट बंद करा आणि मगच नवा माल घालून बसवा. ओळीने तीन-चार हलत असतील तर सगळ्यात खालचा दगड आधी तपासा, बहुतेक तोच सरकलेला असतो. शेवाळ आलं तर ब्लीचिंग पावडरचं पाणी आणि खराटा, प्रेशर वॉशर सांध्यांवर मारू नका. आणि हे सगळं काम दिवाळीनंतर काढा, मेच्या शेवटी नाही, कारण सांधे भरल्यावर आठवडाभर ओलं गोणपाट टाकून ठेवायचं असतं आणि वळवाची सर आली तर तो माल गेटबाहेर रस्त्यावर जातो.