‘एक्स्पेक्टेड किती?’ हा प्रश्न यायच्या आधी

नव्या नोकरीच्या ऑफरचा फोन यायच्या आधी एक संध्याकाळ मोकळी काढा आणि वही घेऊन बसा. पहिल्या ओळीत लिहा, आज दर महिन्याला खात्यात नेमके किती रुपये जमा होतात. सीटीसी (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) बहुतेकांना तोंडपाठ असतो, हा आकडा मात्र स्लिप काढून बघावा लागतो. दुसऱ्या ओळीत लिहा, नव्या नोकरीत खात्यात किती यायला हवेत. पुढचं सगळं बोलणं या दोन ओळींच्या आधाराने करायचं आहे.

आता सीटीसी फोडायला शिका. समजा १२ लाखांची ऑफर आहे. आपण लगेच बाराने भागतो आणि महिना एक लाख म्हणून मोकळे होतो. पण त्यात १५ टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा, हमी नसलेला भाग) असेल तर १ लाख ८० हजार बाजूला गेले. बेसिक (मूळ पगार) ६ लाख धरला, तर त्यावर कंपनीचा १२ टक्के पीएफ म्हणजे ७२ हजार, आणि ग्रॅच्युइटी (साधारणपणे पाच वर्षं पूर्ण केल्यावर नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) ४.८१ टक्के म्हणजे २८,८६० रुपये. उरले ९,१९,१४०. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ पुन्हा ७२ हजार आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. महिन्याला हातात येतात सुमारे ७०,४००. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी पगारदारांना पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर लागत नाही, म्हणून इथे तो धरलेला नाही. त्यावरच्या पगाराला तोही वजा करा. पीएफचे पैसे तुमचेच आहेत, ते बुडत नाहीत. पण घरभाडं आणि हप्ता त्यातून भरता येत नाही.

मी पहिल्यांदा नोकरी बदलली तेव्हा हा हिशेब केला नव्हता. सीटीसी तीस टक्क्यांनी वाढला म्हणून घरी पेढे आणले, आणि पहिल्या पगाराचा मेसेज आला तेव्हा वाढ निघाली पाच हजारांची. तेव्हापासून मी एचआरला एकच विनंती करतो: ‘पगाराचं ब्रेकअप मेलवर पाठवा, मग बोलू.’ ते पाठवतात. व्हेरिएबलबद्दलही थेट विचारा, गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्षात किती टक्के दिलं? उत्तर गुळमुळीत आलं तर व्हेरिएबल शून्य धरा आणि फिक्स्ड वाढवून मागा.

पुण्यात हिशेबाची आणखी एक ओळ लागते, ती प्रवासाची. कोथरूडमध्ये राहून खराडीला जाणार असाल तर वनाझ ते रामवाडी मेट्रो आहे, पुढे रिक्षा किंवा बस. सिंहगड रोडवरून हिंजवडीला दुचाकीने रोज जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर धरले, तर महिन्याला पेट्रोलच सुमारे अडीच हजारांचं. दिवसाचे दोन-अडीच तास जातात ते वेगळेच. आठवड्यातून किती दिवस ऑफिसला यावं लागेल, हे पगाराच्याच बोलण्यात विचारून घ्या.

आता आकडा उच्चारायचा सराव. हे कुणी करत नाही आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. आपल्या घरांत पैशाचं बोलणं मोठ्यांनी करायचं असतं, त्यामुळे ऐनवेळी तोंडून निघतं, ‘तुम्ही बघून द्या.’ माझ्या ताईने तळजाई टेकडीवर फिरताना मला ‘एक्स्पेक्टेड किती?’ हा प्रश्न वीस वेळा विचारला होता. दहाव्या वेळेपर्यंत माझा आवाज खाली जात होता. तुम्हीही कुणाला तरी विचारायला लावा आणि जो संवाद हिंदी-इंग्रजीत होणार आहे, त्याचा सराव त्याच भाषेत करा. आकडा सांगा, एका वाक्यात कारण सांगा (काय काम केलं, त्याने काय फरक पडला) आणि थांबा. समोरची शांतता भरून काढायला स्वतःच आकडा खाली आणू नका. घराच्या हप्त्याचं कारण सांगू नका; तुमच्या कामाला किंमत आहे, ती सांगा. अचानक फोन आला तर पार्किंगमध्ये उभं राहून उरकू नका. ‘संध्याकाळी सातला बोलूया का?’ असं विचारलं तर कुणी ऑफर मागे घेत नाही.

सोबत हेही विचारून ठेवा: नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल तर बायआउट (नोटीस पूर्ण न करता निघण्यासाठी जुन्या कंपनीला द्यायचे पैसे) कोण भरणार, जॉइनिंग बोनस किती महिन्यांत सोडल्यास परत करावा लागतो, येत्या एप्रिलच्या अप्रेझलमध्ये तुम्हाला धरणार का, आई-वडील विम्यात येतात का. आणि जुन्या नोकरीत पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने असतील तर घाई करू नका. ४० हजार बेसिकवर पाच वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे १ लाख १५ हजार होते. ती सोडून यायचं असेल तर तेवढी रक्कम जॉइनिंग बोनसमध्ये मागा.

राजीनामा सहीचं ऑफर लेटर मेलवर आल्यानंतरच. त्याच रात्री सगळ्या सॅलरी स्लिप, फॉर्म १६ आणि नेमणूकपत्र स्वतःच्या मेलवर घेऊन ठेवा. शेवटच्या दिवशी लॅपटॉपबरोबर पोर्टलही बंद होतं, आणि पुढच्या कंपनीचा पडताळणीवाला पहिल्यांदा तेच कागद मागतो.